अमेरिकी विद्यापीठातलं गणित-संशोधन: पर्ड्यूच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं विद्यार्थी, पालक आणि गणिताचे शिक्षक मला तेच प्रश्न फिरून फिरून पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये गणितात पीएचडी केली, पण पर्ड्यू विद्यापीठात नव्हे. तरी उदाहरणं मुद्दाम पर्ड्यूची घेतली आहेत. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर तिथे जवळजवळ पन्नास वर्षं होते, म्हणून मराठी वाचकाला ते नाव ऐकून माहीत असतं. शिवाय गणित-संशोधनात जे जे घडू शकतं ते बहुतेक सगळं त्या एका विभागात घडून गेलं आहे.

१. गणिताचा प्राध्यापक दिवसभर नेमकं करतो काय? प्रयोगशाळा तर नसते.

शिकवतो, आणि उरलेल्या वेळात एखाद्या प्रश्नाशी झटतो. पर्ड्यूसारख्या मोठ्या सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या हजारो मुलांना कॅल्क्युलस लागतं. ते शिकवणं हे गणित विभागाचं रोजचं काम आणि त्याच्या पगाराचा मुख्य आधार. प्राध्यापकाकडे एका सत्रात साधारण एक-दोन विषय असतात. बाकी आठवडा सेमिनार, विद्यार्थ्यांच्या भेटी, दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासणं आणि फळ्यासमोर उभं राहणं यात जातो.

फळा ही खरोखरच आमची प्रयोगशाळा आहे. दोघं जण तासभर खडूने लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात. तासाअखेर बहुतेक वेळा हाती एवढंच लागतं की ही वाट बंद आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळ वाया गेलेला वाटतो, पण संशोधन असंच होतं.

२. गणितात शोधायचं अजून काय शिल्लक आहे? सगळी सूत्रं तर सापडलीत.

पुस्तकात आपण फक्त सुटलेली गणितं पाहतो, त्यामुळे असं वाटतं. न सुटलेल्यांपैकी काही शाळेतल्या मुलालाही समजतात. ३ आणि ५, ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोडमूळ संख्या आपण सहावीच्या आसपास शिकतो. अशा जोड्या अनंत आहेत का, हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. या प्रश्नाकडे सर्वांत मोठी झेप घेणाऱ्या माणसाची पीएचडी पर्ड्यूचीच (प्रश्न १२ पाहा).

'खरं असावं असं वाटतं, पण सिद्ध झालेलं नाही' अशा विधानाला (इंग्रजीत कंजेक्चर) या पानावर मी अटकळ म्हणणार आहे.

३. पर्ड्यू म्हणजे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ ना? गणितासाठी हार्वर्ड, प्रिन्स्टन सोडून तिकडे कोण जातं?

पर्ड्यू १८६९ साली इंडियाना राज्यात, वाबॅश नदीकाठच्या वेस्ट लाफायेट गावात स्थापन झालं, तेच मुळी शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी केंद्राकडून राज्यांना मिळालेल्या जमिनीच्या योजनेतून. इंजिनिअरिंग आलं की गणित हवंच. विसाव्या शतकातले नामवंत गणितज्ञ पॉल एर्डश १९४३ ते १९४५ या काळात तिथे होते. अमेरिकेतला पहिला संगणकशास्त्र विभाग १९६२ साली पर्ड्यूत निघाला, तोही गणिती विद्याशाखेच्या पोटातून. संगणकवाले शेजारीच असण्याचा गणितवाल्यांना पुढे कसा उपयोग झाला, ते प्रश्न ७ मध्ये येईल.

नावाजलेल्या चार-पाच विद्यापीठांपलीकडे गणित नाही, हा समज आपल्याकडे फार पक्का बसला आहे. विद्यापीठाच्या क्रमांकापेक्षा तुमच्या विषयातली माणसं कुठे आहेत ते पाहावं. बीजगणितीय भूमितीतल्या, म्हणजे समीकरणांतून तयार होणाऱ्या आकृत्यांच्या अभ्यासातल्या, काही प्रश्नांसाठी १९७० च्या दशकात पर्ड्यूपेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती.

४. श्रीराम अभ्यंकर यांनी नेमकं काय केलं? 'सिंग्युलॅरिटीचं निराकरण' यापुढे कुणी काही सांगत नाही. शाळेतल्या बीजगणितात सांगता येईल का?

येईल. त्यांनाही ते आवडलं असतं, कारण शाळेतलं बीजगणित हेच खरं सामर्थ्याचं, असं ते आयुष्यभर आग्रहाने मांडत.

आलेख-कागद घ्या. 'य चा वर्ग बरोबर क्ष चा घन' हे समीकरण घ्या. (०,०), (१,१), (१,−१), (४,८), (४,−८) हे बिंदू त्यावर बसतात. ते जोडले की पक्ष्याच्या चोचीसारखी आकृती मिळते. सगळीकडे रेषा गुळगुळीत आहे, फक्त (०,०) पाशी अणकुचीदार टोक आहे. असा बिघडलेला बिंदू म्हणजे सिंग्युलॅरिटी. तिथे स्पर्शिका, चढ वगैरे नेहमीची हत्यारं धड चालत नाहीत.

आता नवं चल घ्या: ट. य = ट × क्ष असं मांडा. म्हणजे बिंदू ओळखायचा तो उंचीवरून नव्हे, तर आरंभबिंदूतून त्याच्याकडे जाणाऱ्या रेषेच्या चढावरून. समीकरणात भरा. डावीकडे 'ट चा वर्ग गुणिले क्ष चा वर्ग', उजवीकडे 'क्ष चा घन'. दोन्हीकडून क्ष चा वर्ग काढून टाका. उरतं 'ट चा वर्ग = क्ष'. हा तर दहावीतला साधा पॅराबोला, कुठेही टोक नसलेला. टोक निघून गेलं, आणि तो बिंदू सोडून बाकी वक्र होता तसाच राहिला. यालाच निराकरण म्हणतात.

एका वक्रावर हे एका पायरीत झालं. पृष्ठभाग किंवा त्याहून जास्त मितींच्या आकृत्यांत टोकांऐवजी कडा, घड्या आणि एकमेकांत गुंतलेले बिघाड असतात. एक सोडवावा तर दुसरा उभा राहतो. ही प्रक्रिया कधीतरी नक्की संपते, हे दाखवणं हा खरा प्रश्न. अभ्यंकरांचे हार्वर्डमधले गुरू ऑस्कर झारिस्की यांनी नेहमीच्या संख्यांसाठी तो तीन मितींपर्यंत सोडवला होता. पुढे झारिस्कींचेच दुसरे शिष्य हेइसुके हिरोनाका यांनी १९६४ मध्ये सर्व मितींसाठी सोडवला, आणि १९७० मध्ये त्यांना फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वांत मोठ्या मानांपैकी एक, मिळालं.

अभ्यंकरांनी वाट धरली ती याहून निसरडी. 'कॅरॅक्टरिस्टिक पी' (अर्थ प्रश्न ५ मध्ये) मधल्या पृष्ठभागांसाठी त्यांनी हे १९५५ च्या आपल्या पीएचडीतच केलं, तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. १९६६ पर्यंत त्यांनी तीन मितींचा प्रश्नही सोडवला, मात्र पी ही मूळ संख्या ५ पेक्षा मोठी असेल तेव्हाच.

५. 'कॅरॅक्टरिस्टिक पी' म्हणजे काय, आणि तिथे एवढं अडतं कशामुळे?

घड्याळात १२ वाजले की पुन्हा ० पासून सुरुवात होते. तसं फक्त दोनच आकड्यांचं घड्याळ घ्या: ० आणि १. इथे १ + १ = ०. हे कॅरॅक्टरिस्टिक २. दोनऐवजी ३, ५, ७ अशी कोणतीही मूळ संख्या पी घेता येते.

या जगात (अ + ब) चा वर्ग उलगडा. अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग. पण दोन म्हणजे शून्य, म्हणून मधलं पद नाहीसं होतं. परीक्षेत मधलं पद विसरल्याबद्दल ज्याचे मार्क गेले, त्याचं उत्तर इथे बरोबर ठरतं.

हे गमतीचं वाटलं तरी पुढे महागात पडतं. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवताना आपण मधल्या सहगुणकाची निम्मी करतो. ही रीत परंपरेने श्रीधराचार्यांच्या नावावर आहे. निम्मी करणं म्हणजे दोनने भागणं, आणि इथे दोन म्हणजे शून्य! भागणार कसं? निराकरणाच्या सर्वसाधारण सिद्धतेत हीच युक्ती मोठ्या रूपात पावलोपावली लागते. समीकरणाच्या कोटीने भागायचं असतं, आणि त्या कोटीला पी ने भाग जात असेल तर पाऊल तिथेच अडकतं. अभ्यंकरांना त्यासाठी वेगळीच वाट पाडावी लागली. चार आणि त्याहून जास्त मितींसाठी कॅरॅक्टरिस्टिक पी मधला हा प्रश्न अजून सुटायचा आहे.

६. 'अभ्यंकर कंजेक्चर' म्हणजे हेच का?

नाही, ते वेगळं. १९५७ च्या एका निबंधात त्यांनी अटकळ मांडली की कॅरॅक्टरिस्टिक पी मध्ये, काही बिंदू वगळलेल्या वक्रावर कोणकोणत्या सममितीची 'आच्छादनं', म्हणजे त्यावर थरांसारखे पसरलेले दुसरे वक्र, बसू शकतात. नेहमीच्या संख्यांमध्ये सरळ रेषेवर असं एकही खरं आच्छादन बसत नाही, तर कॅरॅक्टरिस्टिक पी मध्ये त्यांची रेलचेल असते. त्या रेलचेलीचा नियम अभ्यंकरांनी आधी उदाहरणांतून ताडला. १९९४ मध्ये मिशेल रेनो यांनी तो रेषेसाठी आणि डेव्हिड हारबेटर यांनी सर्व वक्रांसाठी सिद्ध केला. अटकळ मांडल्यापासून सदतीस वर्षं गेली होती, आणि ती खरी ठरलेली पाहायला अभ्यंकर होते. हे सुख थोड्यांच्या वाट्याला येतं.

७. गणितज्ञ एकटाच कोपऱ्यात बसून काम करतो, हे खरं ना?

अर्धंच खरं. पर्ड्यूचे लुई द ब्रांज हे एकट्याने काम करणाऱ्यांचं ठळक उदाहरण म्हणून सांगतात. १९८४ मध्ये त्यांनी बीबरबाख अटकळ सिद्ध केली. लुडविग बीबरबाख यांनी ती १९१६ मध्ये मांडली होती. एकक वर्तुळाच्या आतला भाग कुठेही स्वतःवर न दुमडता पसरवणारं फल (फंक्शन) घ्या, पहिला सहगुणक १ ठेवा. मग दुसरा सहगुणक २ पेक्षा, तिसरा ३ पेक्षा, शंभरावा १०० पेक्षा मोठा असू शकत नाही. अडुसष्ट वर्षांत मोठमोठ्या लोकांनी एकेक सहगुणक करत जेमतेम सहाव्यापर्यंत मजल मारली होती. द ब्रांज यांनी सगळे एकदम निकालात काढले.

पण त्या सिद्धतेचा शेवटचा दुवा पाहा. त्यांना एक असमानता हवी होती आणि ती खरी आहे का याची खात्री नव्हती. ते पर्ड्यूतच संगणकशास्त्र विभागात असलेल्या वॉल्टर गौची यांच्याकडे गेले. गौचींनी संगणकावर आकडे घालून पाहिलं, प्रत्येक वेळी ती खरी निघाली. मग त्यांनी विस्कॉन्सिनला रिचर्ड ॲस्की यांना फोन केला. ॲस्कींनी सांगितलं, ही तर मी आणि जॉर्ज गॅस्परनी १९७६ मध्येच सिद्ध करून ठेवली आहे. त्या दोघांनी ती अगदी दुसऱ्या कारणासाठी केली होती.

एवढ्यावरही काम संपलं नाही. हस्तलिखित शेकडो पानांचं होतं आणि द ब्रांज यांचे आधीचे काही दावे चुकीचे निघाल्यामुळे अमेरिकेत कुणी ते पटकन हाती घेईना. त्याच वर्षी ते लेनिनग्राडला गेले. तिथल्या सेमिनारने आठवडेच्या आठवडे बसून ते ओळ न् ओळ तपासलं आणि बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. पुढे ती सिद्धता आटून काही पानांवर आली.

मला स्वतःला अमेरिकी विद्यापीठाची खरी श्रीमंती इथे दिसते: जिना उतरून शेजारच्या विभागात जाता येतं, आणि समोरचा माणूस आपलं काम बाजूला ठेवून आपले आकडे तपासतो.

८. सिद्धता बरोबर आहे हे ठरवतं कोण?

औपचारिक उत्तर: नियतकालिकाने नेमलेला परीक्षक, ज्याचं नाव लेखकाला कळत नाही आणि ज्याला या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत. खरं उत्तर: त्या विषयातली माणसं, आणि तीही हळूहळू. १९९१ पासून 'अर्काइव्ह' नावाचा खुला संग्रह आहे. बहुतेक गणिती आपला निबंध आधी तिथे ठेवतात, मग नियतकालिकाकडे पाठवतात. तिथे ठेवलेला निबंध तपासलेला असतोच असं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

वेळ लागतो. माझा एक निबंध एका नियतकालिकाकडे जवळपास दोन वर्षं पडून होता आणि शेवटी दोन ओळींच्या नकारासह परत आला. त्या काळात नोकरीचे अर्ज चालू होते, त्यामुळे फार जिवाला लागलं.

आधीचं मोठं यश पुढच्या दाव्याची हमी देत नाही, हेही खरं. द ब्रांज यांनी नंतर मूळ संख्यांशी जोडलेली प्रसिद्ध रीमान अटकळ सिद्ध केल्याचं जाहीर केलं. ती सिद्धता गणितज्ञांनी स्वीकारलेली नाही.

९. गणितात पीएचडीला किती खर्च येतो?

योग्य जागी प्रवेश मिळाला तर फी भरावी लागत नाही, उलट मानधन मिळतं. बहुतेक विभाग पीएचडीच्या विद्यार्थ्याला टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवण्यातला मदतनीस) म्हणून घेतात: पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे सरावाचे तास घ्यायचे, पेपर तपासायचे, शंका सोडवायच्या. त्या बदल्यात ट्यूशन माफ आणि महिन्याला खाऊनपिऊन राहता येईल एवढे पैसे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातलं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येतं, आणि टीएचं काम त्यातच बसतं. किरकोळ शुल्क आणि आरोग्य विमा यांचं प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं, ते प्रवेशपत्रात वाचून घ्या.

पालकांना एक कळकळीने सांगते: मास्टर्सला सहसा असा पैसा मिळत नाही. घर गहाण टाकून गणितात मास्टर्सला पाठवण्याआधी थेट पीएचडीला अर्ज करून पाहा. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात.

१०. मुदत किती? आणि क्वालिफायर नापास झालं तर घरी पाठवतात का?

साधारण पाच ते सहा वर्षं. पहिल्या दोन वर्षांत बीजगणित, विश्लेषण (ॲनालिसिस) वगैरे विषयांच्या क्वालिफायर, म्हणजे पुढे जाण्यासाठीच्या पात्रता परीक्षा. पहिल्या प्रयत्नात नापास होणारे पुष्कळ असतात. बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीत पुन्हा बसता येतं. मुदत संपली तर साधारणपणे मास्टर्स घेऊन बाहेर पडावं लागतं.

क्वालिफायरनंतर गाईड शोधायचा असतो, आणि हा निर्णय विषयापेक्षाही मोठा आहे. तो नेमून दिला जात नाही. सेमिनारला बसा, एखाद्याबरोबर सत्रभर वाचन करा, त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. अभ्यंकरांचे विद्यार्थी अविनाश साठये केंटकी विद्यापीठात आणि सुधीर घोरपडे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. गाईडच्या शिष्यपरंपरेकडे पाहिलं की तो माणसं कशी घडवतो याचा अंदाज येतो.

११. टेन्युअर म्हणजे कायमची नोकरी का? मग लोक काम करणं सोडत नाहीत?

पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या एक किंवा दोन पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या जागा, मग असिस्टंट प्रोफेसर. साधारण सहाव्या वर्षी कामाची छाननी होते. बाहेरच्या तज्ज्ञांकडून पत्रं मागवतात. पास झालात तर टेन्युअर, म्हणजे कायमची नोकरी, नाहीतर बहुतेक ठिकाणी आणखी एक वर्ष देऊन निरोप.

टेन्युअरमुळेच माणूस दहा वर्षं हाती काहीच लागणार नाही असा प्रश्न घेऊ शकतो. पैशाचं दुसरं गणितही सांगते. पगार बहुधा नऊ महिन्यांचा असतो. उन्हाळ्याच्या पगारासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अर्ज करावा लागतो आणि मंजूर होणाऱ्यांपेक्षा नाकारले जाणारे अर्जच जास्त.

१२. तिशीनंतर गणित होत नाही म्हणतात. मी चौतिशीचा आहे, अर्ज करू का?

द ब्रांज यांनी बीबरबाख अटकळ पन्नाशी ओलांडल्यावर सोडवली. आणि यितांग झांग यांची गोष्ट तर वाचाच.

जन्म १९५५. पेकिंग विद्यापीठातून १९८५ मध्ये पर्ड्यूला आले, टी. टी. मो यांच्या हाताखाली १९९१ मध्ये पीएचडी. विषय: जेकोबियन अटकळ, म्हणजे बहुपदींबद्दलची एक न सुटलेली अटकळ, केलर यांनी १९३९ मध्ये मांडलेली, जिच्याशी अभ्यंकर आणि मो दोघंही झगडले. पीएचडी झाली, पण विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. काही काळ त्यांनी सँडविचच्या दुकानातही काम केलं. पुढे न्यू हॅम्पशायर विद्यापीठात लेक्चरर, म्हणजे शिकवण्यापुरती जागा. २०१२ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोत मित्राच्या घरी मागच्या अंगणात फिरताना त्यांना हवी ती कल्पना सुचली. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी निबंध 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या गणितातल्या अग्रगण्य नियतकालिकाकडे पाठवला आणि महिन्याभरात तो स्वीकारला गेला. अशा नियतकालिकासाठी हा वेग जवळजवळ अशक्य.

निष्कर्ष असा: ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. जोडमूळ संख्यांसाठी हे अंतर २ हवं, म्हणून ७ कोटी ऐकून निराश होऊ नका. त्याआधी कोणतंही ठरावीक अंतर सिद्ध नव्हतं. जेम्स मेनार्ड, टेरेन्स टाओ आणि इतर अनेकांनी मिळून वर्षभरात ते २४६ वर आणलं.

तुम्ही अर्ज जरूर करा. मात्र झांग यांच्या नावामागे नोकरी न मिळालेले असंख्य लोक आहेत, म्हणून प्रोग्रॅमिंग किंवा स्टॅटिस्टिक्स यातलं एक काही सोबत पक्कं शिका.

१३. बढतीच्या फॉर्मवर 'प्रथम लेखक' विचारतात. गणिताच्या निबंधात पहिलं नाव कुणाचं?

इंग्रजी वर्णक्रमाने जे आधी येईल ते. गणितात लेखकांचा क्रम हा योगदानाचा क्रम नसतो. अभ्यंकर आणि मो यांच्या १९७५ च्या प्रसिद्ध प्रमेयात अभ्यंकर आधी येतात ते आडनावामुळे. जीवशास्त्रातल्या सहकाऱ्यांच्या समितीपुढे जाणार असाल, तर ही रीत सांगणारी एक ओळ अर्जासोबत जोडा. झिरपे, झोपे अशा आडनावांच्या लोकांचं यात खरोखर नुकसान होतं.

१४. एवढे मोठे अभ्यंकर परत का आले नाहीत?

हा प्रश्न तक्रारीच्या सुरात येतो, म्हणून हकिगत देते. उज्जैनला १९३० मध्ये जन्म, बालपण ग्वाल्हेरला, वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये पदवी, मग हार्वर्ड. पर्ड्यूत १९६३ पासून २ नोव्हेंबर २०१२ ला मृत्यू येईपर्यंत. पण १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं आणि ते वारंवार तिथे येऊन शिकवत राहिले. गणित ऑलिंपियाडची तयारी करणारी कित्येक मराठी मुलं त्या वास्तूत वाढली आहेत. परत येणं-न येणं याची मोजणी विमानतळावर करू नये असं मला मनापासून वाटतं.

१५. माझ्याकडे एका मोठ्या अटकळीची सिद्धता तयार आहे. अमेरिकेत कुणाला पाठवू?

आधी जवळच्या गणिताच्या प्राध्यापकासमोर फळ्यावर मांडा, एक ओळही न गाळता. मग त्याच सिद्धतेत एखादी अट काढून पाहा. अट काढूनही सिद्धता चालत असेल, आणि त्या अटीवाचून विधान खोटं ठरतं हे माहीत असेल, तर चूक आत कुठेतरी आहेच. दोन-तीन जणांनी तपासल्यावर पाच-सहा पानांत, पहिल्या पानावर मुख्य कल्पना येईल असं लिहा आणि त्याच विषयात निबंध असलेल्या एकाच व्यक्तीला पाठवा. शंभर जणांना एकच ईमेल गेला की कुणीच वाचत नाही. 'माझी कल्पना चोरली जाईल' या भीतीने शेवटची पायरी लपवू नका. पायरी लपवलेली सिद्धता तपासता येत नाही, आणि तारखेचा पुरावा म्हणून तुमचा ईमेल असतोच.